नऊ आकडे टाकले आणि हात थांबला

पत्राचा सारांश: एका संस्थेच्या हिशेबखात्यात काम करणाऱ्या वाचक भगिनींना दोन कामांसाठी नवा ईमेल पत्ता हवा आहे. गेलं वर्षभर त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जातात. तो पत्रव्यवहार घरातल्या कुणाच्या नजरेस पडू नये असं त्यांना वाटतं, कारण त्यांची रोजची मेल घरातल्या टॅबलेटवर कायम उघडी असते. दुसरं काम जास्त नाजूक आहे. वरिष्ठांनी मंजूर केलेल्या काही बिलांबद्दल त्यांना विश्वस्तांना कळवायचं आहे, पण नाव न सांगता. म्हणून त्या एका एन्क्रिप्टेड, म्हणजे मजकूर कुलपात ठेवणाऱ्या, ईमेल सेवेत खातं उघडायला बसल्या. टोपणनाव आणि जन्मवर्ष जोडून पत्ता केला, पासवर्ड ठरवला. पुढच्या पानावर ‘तुम्ही माणूस आहात याची खात्री करा’ म्हणून मोबाइल नंबर मागितला गेला. “ताई, मी नऊ आकडे टाकले आणि हात थांबला. ज्यांच्याकडे लपायला गेले, तेच दारात नाव विचारतात! मिस्टर म्हणतात, तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, या कंपन्या सरकारने मागितलं की सगळं देऊन टाकतात, त्यापेक्षा काहीच न विचारणारी सेवा शोध. विश्वास ठेवायचा तरी कुणावर?”

*

तुमचा हात दहाव्या आकड्यावर थांबला ते बरंच झालं. पण तुम्ही थांबलात त्याचं कारण मला अर्धंच पटलं. नंबर मागणं म्हणजे लबाडी, असा तुमचा सूर आहे. त्या चौकटीत नंबर न भरताही तुम्ही तीन ठिकाणी नाव सांगून आला आहात आणि त्यातल्या एकाचाही तुम्हाला धसका वाटलेला दिसत नाही. त्यांच्याकडे येतेच, पण आधी एक गाठ सोडवू.

पूर्वी पत्रं यायची तेव्हाची गोष्ट आठवा. एक पत्र बंद पाकिटात यायचं. आत काय आहे ते पोस्टमनला कळत नसे, पण पाकिटावर तुमचं नाव, मागे पाठवणाऱ्याचं नाव आणि वर ठसठशीत शिक्का. दुसरं पत्र उघड्या कार्डावर यायचं, सगळ्या गल्लीने वाचलं तरी चालेल असं, आणि खाली सही ‘आपला एक हितचिंतक’. पहिल्यात मजकूर गुप्त होता आणि माणूस उघड. दुसऱ्यात मजकूर उघड आणि माणूस गुप्त. एन्क्रिप्टेड ईमेल सेवा विकते ते पहिलं, बंद पाकीट. तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांसाठी नेमकं तेच हवं आहे. विश्वस्तांना लिहिताना मात्र तुम्हाला हितचिंतक व्हायचं आहे, आणि ते निव्वळ पाकीट बदलून होत नाही.

पाकीटही किती बंद असतं, ते पाहा. प्रोटॉन मेल या स्वित्झर्लंडमधल्या सेवेत पत्राचा मजकूर कुलपात जातो, पण विषयाची ओळ त्याच प्रकारे कुलूपबंद नसते. टुटा ही जर्मनीतली सेवा विषयसुद्धा कुलपात ठेवते. दोन्हींकडे पाठवणारा, घेणारा आणि वेळ या गोष्टी पत्र पोचवण्यासाठी यंत्रणेला लागतातच. आणि समोरच्याचं खातं साध्या सेवेत असेल, तर तुमच्या पत्राची उघडी प्रत त्याच्याकडे पडून राहते. तुमच्या डॉक्टरांचा पत्ता साधाच असेल, तर तुमच्या बाजूचं कुलूप अर्धंच उपयोगी आहे. त्यावर उपाय आहे, पुढे सांगते.

आता नंबराचं. मोफत खातं देणाऱ्या प्रत्येक सेवेच्या दारात सर्वांत मोठी गर्दी असते ती यंत्रांची. एका रात्रीत हजारो खाती उघडायची, लाखो फसव्या मेल सोडायच्या आणि पसार व्हायचं, हा धंदा आहे. एखाद्या सेवेतून असा कचरा सुटला की बाकीच्या सेवा तिच्या सगळ्याच मेल संशयाने पाहू लागतात, आणि मग तुमचं सरळ पत्रही समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. म्हणून दारात काहीतरी अडथळा ठेवावा लागतो. कधी चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावतात, कधी दुसऱ्या ईमेलवर कोड पाठवतात, कधी मोबाइलवर. टोर किंवा व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेट जोडणी लपवणाऱ्या वाटांवरून, येणाऱ्याला जास्त अडवतात, कारण यंत्रंही त्याच वाटेने येतात. म्हणजे ज्याला खरोखर लपायचं आहे त्यालाच जास्त प्रश्न! यातला विनोद मला कळतो, पण त्यामागे कुणाचा कावा आहे असं मला वाटत नाही.

टुटाची रीत वेगळी आहे. ते नंबर मागत नाहीत, पण नवं मोफत खातं कधीकधी ४८ तासांपर्यंत रोखून ठेवतात. तेवढा वेळ थांबायला यंत्रांना परवडत नाही. माणसाला परवडतं, फक्त आपल्याला सवय राहिलेली नाही.

तुम्ही विचाराल, दिलेल्या नंबराचं पुढे काय होतं? बऱ्याच सेवा म्हणतात की आम्ही नंबर जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवतो. हॅश म्हणजे नंबर दळून काढलेलं पीठ. पिठावरून पुन्हा दाणा करता येत नाही, हे खरं. पण दहा आकडी नंबर एकूण होऊन होऊन किती होतील? हजार कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, कॉम्प्युटरला वाटत नाही. एकेक नंबर दळून पाहायचा आणि कुठलं पीठ जुळतं ते बघायचं, एवढंच काम. लांबलचक पासवर्डाला हॅश चांगलं संरक्षण देतो, मोबाइल नंबराला बेताचंच. म्हणून नियम साधा ठेवा. नंबर दिला म्हणजे नाव दिलं असं धरूनच चालायचं, आणि मग ठरवायचं की या सेवेला नाव कळलं तर माझं काही बिघडतं का. डॉक्टरांच्या पत्रव्यवहाराबाबत तुमचं उत्तर बहुधा ‘काही नाही’ असं येईल.

तुमचे सहकारी म्हणाले की कंपन्या सगळं देऊन टाकतात. त्यातलं ‘देतात’ खरं आहे, ‘सगळं’ खोटं. कुठलीही नोंदणीकृत कंपनी तिच्या देशाच्या न्यायालयाचा आदेश झुगारू शकत नाही, आणि तुमच्या महिन्याच्या वर्गणीसाठी कुणी तुरुंगात जाणार नाही. तशी अपेक्षाच ठेवू नका. त्यापेक्षा, आदेश आला त्या दिवशी कंपनीच्या कपाटात काय काय होतं, ते बघावं. या बाबतीत इतिहास फार बोलका आहे.

कॅनडातली हशमेल ही एन्क्रिप्टेड मेलमधली जुनी कंपनी. २००७ साली उघड झालं की तिने एका तपासात ग्राहकांच्या मेल उलगडून, वाचता येतील अशा रूपात, १२ सीडींवर भरून दिल्या. कुलपं लावलेल्या मेल उलगडल्या कशा? कारण ब्राउझरमधून सोप्या पद्धतीने वापरणाऱ्यांचा परवलीचा शब्द क्षणभर का होईना कंपनीच्या सर्व्हरवर येत होता. तिच्या हाती किल्ली येत होती, म्हणून मेल उलगडून द्याव्या लागल्या.

अमेरिकेतल्या लाव्हाबिट या ईमेल सेवेचं २०१३ सालचं प्रकरण तर नाटकात शोभावं असं आहे. अमेरिकी सरकारची गुप्त कागदपत्रं फोडणारा एडवर्ड स्नोडेन त्यांचा ग्राहक. न्यायालयाने मालकाकडे, लाडार लेव्हिसनकडे, सेवेत ये-जा करणाऱ्या साऱ्या माहितीची किल्ली मागितली. त्या एका किल्लीने सुमारे चार लाख ग्राहकांची दारं उघडली असती. त्याने ती किल्ली ११ पानांवर इतक्या बारीक अक्षरात छापून दिली की वाचता येऊ नये. न्यायालयाने रोज ५,००० डॉलर दंड लावला. शेवटी त्याला किल्ली द्यावी लागली, आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी त्याने दुकानच बंद केलं. माणूस बाणेदार होता यात शंका नाही. पण साऱ्या घराला एकच किल्ली ठेवायची ही मुळातली चूक त्याच्या बाणेदारपणाने भरून निघाली नाही.

प्रोटॉनची दोन प्रकरणं तुमच्या जास्त कामाची आहेत. २०२१ साली फ्रान्समधल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या तपासात स्विस अधिकाऱ्यांचा आदेश आला आणि प्रोटॉनला एका खात्याचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे खातं कुठल्या इंटरनेट जोडणीवरून उघडलं जातं तो पत्ता, तिथून पुढे नोंदवून द्यावा लागला. मेलचा मजकूर दिला नाही, कारण तो उलगडायची किल्ली त्यांच्यापाशी नव्हती. त्यानंतर त्यांनी आयपी न नोंदवण्याबद्दलचा आपला दावा संकेतस्थळावर सौम्य केला. दुसरं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं. स्पेनमध्ये कॅटलोनियाच्या स्वातंत्र्य चळवळीशी संबंधित एका टोपणनावाच्या माणसाचा शोध चालू होता. प्रोटॉनकडे त्याच्या खात्याबद्दल देण्यासारखी एकच गोष्ट होती, त्याने स्वतः भरलेला रिकव्हरी ईमेल, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा पत्ता. तो पत्ता अ‍ॅपलचा निघाला. पोलीस अ‍ॅपलकडे गेले, आणि तिथे खरं नाव होतं.

मला दुसरं प्रकरण पुन्हा पुन्हा आठवतं, कारण त्या माणसाला रिकव्हरी पत्ता भरायची सक्ती कुणीच केली नव्हती. चौकट दिसली आणि त्याने ती भरली. रिकामी चौकट दिसली की भरायची, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. शाळेपासून कुठल्याच अर्जातली जागा आपण रिकामी सोडलेली नसते.

बर्लिनच्या पोस्टिओ या ईमेल सेवेचीही एक गंमत आहे. त्यांना पाकिटात रोख पैसे घालून पाठवले तरी खातं चालतं, आणि पैसे कुणाचे ही जोड ते ठेवत नाहीत. आपल्या यंत्रणेत ग्राहकांचे आयपी नोंदलेच जात नाहीत, असंही त्यांचं म्हणणं होतं. २०१९ च्या सुरुवातीला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा निकाल जाहीर झाला. आदेश येईल तेव्हा आयपी देता येईल अशी यंत्रणा उभी करा, ‘आमच्याकडे नाही’ एवढं पुरणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे कपाट आज रिकामं असलं तरी उद्या त्यात काही ठेवायला लावता येतं. म्हणून सेवेच्या शब्दावर भरवसा टाकण्याआधी तिच्या हाती आपण काय काय सोपवतोय ते मोजावं. आयपी अ‍ॅड्रेस लपवायचाच असेल तर तो आपल्या बाजूने लपवावा लागतो. त्यांच्या वचनाने तो लपत नाही.

आता ‘काहीच न विचारणारी सेवा शोध’ या सल्ल्याबद्दल. तुम्हाला अ‍ॅनॉम नावाच्या फोनसेवेची हकिकत सांगते. गुन्हेगारी टोळ्यांमध्ये अत्यंत सुरक्षित म्हणून हे फोन हातोहात विकले जात. काही विचारणं नाही, ओळख नाही, सारा कारभार तोंडी शिफारशीवर. जून २०२१ मध्ये कळलं की ही सेवा एफबीआयच चालवत होती. प्रत्येक संदेशाची प्रत त्यांच्याकडे जात होती. ८०० हून जास्त लोकांना अटक झाली. त्याच्या आदल्या वर्षी जगाला आणखी एक धक्का बसला होता. कित्येक देशांच्या सरकारांना गुप्तलेखनाची यंत्रं विकणारी क्रिप्टो एजी ही स्विस कंपनी १९७० पासून सीआयए आणि जर्मन गुप्तचर खात्याच्या मालकीची होती. देशोदेशीचे राजदूत जिथे फसले, तिथे तुमचा-आमचा काय पाड. तुमच्यामागे कुठलीही गुप्तचर संस्था लागलेली नाही, हे मला माहीत आहे. मुद्दा इतकाच की दारात विचारपूस न होणं हा भरवशाचा पुरावा होत नाही. मला उलट ती सेवा बरी वाटते जिचा पत्ता, कायदा आणि मालक माहीत आहेत, जिचा कोड बाहेरच्या जाणकारांना तपासता येतो, आणि जी दरवर्षी किती सरकारी आदेश आले, किती पाळले, याचे आकडे स्वतः छापते. आदेश पाळल्याचे आकडे वाचून लोक बिचकतात. मला ते आकडे न छापणाऱ्यांची जास्त धास्ती वाटते.

आता तुमच्या दोन कामांकडे वळू. पहिलं आणि दुसरं काम एका पत्त्यावरून करायचं नाही, हे आधी पक्कं करा. विश्वस्तांकडे गेलेला पत्ता उद्या कुणी शोधू लागलं, तर त्याच्या मागोमाग तुमच्या उपचारांची पत्रंही ओढली जातील. दोन खाती, दोन वेगळे पासवर्ड, आणि जमलं तर दोन वेगळे ब्राउझर.

डॉक्टरांसाठीच्या खात्यात फार घोळ घालू नका. तिथे तुम्हाला लपायचं आहे घरातल्या टॅबलेटपासून. त्या कामाला कुठलीही बऱ्या नावाची एन्क्रिप्टेड सेवा पुरते, आणि पडताळणीला नंबर द्यावा लागला तरी द्या. कोड येईल तेव्हा मोबाइल तुमच्या हातात असू द्या, म्हणजे झालं. डॉक्टरांचं खातं साधं असेल तर ‘पासवर्ड लावून पाठवा’ ही सोय वापरा. प्रोटॉन आणि टुटा दोन्हींत ती आहे. डॉक्टरांना मेलमध्ये एक दुवा जातो आणि तुम्ही ठरवलेला पासवर्ड टाकला की पत्र उघडतं. तो पासवर्ड पुढच्या भेटीत तोंडी सांगा, मेलने नको. टॅबलेटवर मात्र हे खातं एकदाही उघडू नका, ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणूनसुद्धा नाही.

आणि पासवर्ड. या सेवांमध्ये विसरलेला पासवर्ड नव्याने ठरवता आला तरी जुनी पत्रं उघडतीलच असं नाही, कारण त्यांची किल्ली तुमच्या पासवर्डात असते. खातं उघडताना जो रिकव्हरी कोड किंवा शब्दांची ओळ देतात, ती कागदावर लिहून ठेवायची असते. मी ठेवली नव्हती. एका खात्यातली माझी तीन वर्षांची पत्रं अजून तिथेच आहेत, अतिशय सुरक्षित, माझ्यापासूनसुद्धा. सेवेच्या माणसाने फार अदबीने कळवलं की ती उघडायची किल्ली त्यांच्याकडे नाही. मी चिडले होते, पण नंतर लक्षात आलं की त्यांनी ती उघडून दिली असती तर मला जास्त घाबरायला हवं होतं. मोफत खातं फार काळ न उघडता ठेवू नका, हेही सांगून ठेवते. टुटा सहा महिन्यांनंतर आणि प्रोटॉन वर्षानंतर न वापरलेलं मोफत खातं बंद करू शकतं.

आता विश्वस्तांचं काम, आणि तुम्ही जी तीन ठिकाणी नाव सांगितलंत ती ठिकाणं.

पहिलं, पत्ता. टोपणनाव आणि जन्मवर्ष. हे टोपणनाव तुमच्या घरी आणि मैत्रिणींत चालतं, म्हणजे ऑफिसातल्याही कुणाला तरी माहीत असणार. जन्मवर्ष तर तुमच्या सेवापुस्तकात आहे. निनावी पत्ता रटाळ असावा, त्यात तुमचं आवडतं काहीही नको. दुसरं, यंत्र. तुम्ही लिहिता की जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर हा अर्ज भरायला घेतलात. तो लॅपटॉप तुमच्या वरिष्ठांच्या संस्थेचा आहे. त्यावर काय उघडलं गेलं, कधी उघडलं गेलं, हे बघायची सोय संस्थेकडे असू शकते. मजकूर कुलपात असेल, पण ‘या यंत्रावरून अमुक दिवशी अमुक सेवेच्या दारात कुणीतरी गेलं’ एवढं कळायला मजकूर लागत नाही.

हे किती महागात पडतं पाहा. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या दिवशी बॉम्बची खोटी धमकी आली. पाठवणारा विद्यार्थी हुशार होता. तात्पुरता ईमेल पत्ता, वर टोर. पण तो टोरवर गेला विद्यापीठाच्याच वायफायवरून. त्या वेळी त्या जाळ्यावर टोर वापरणारे होते मोजकेच. तपासणारे थेट त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याने कबुली दिली. टोरने त्याचा पत्ता बाहेरच्यांपासून लपवला होता, पण तो टोर वापरतोय हे त्याच्या घरमालकाला, म्हणजे विद्यापीठाला, दिसत होतं. तुमचं काम प्रामाणिक आहे, त्याचं नव्हतं. यंत्राला तो फरक कळत नाही.

तिसरं ठिकाण सांगायला मला जड जातंय, कारण तो माणूस चांगला असेल. तुमचे सहकारी. महिन्याभराने विश्वस्तांकडे एखाद्या एन्क्रिप्टेड सेवेवरून निनावी मेल आली आणि ऑफिसात कुजबूज सुरू झाली, की त्यांना आठवेल: ‘अरे, त्या दिवशी या असल्या मेलबद्दल मला कोण विचारत होतं?’ ते वाईट हेतूने बोलतील असं नाही. चहाला उभं राहून आश्चर्याने बोलतील. एवढं पुरतं.

आणि या तिन्हींपेक्षा मोठं चौथं. ती कागदपत्रं किती टेबलांवरून जातात? तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तिघांच्या. मग त्यांतला तपशील जसाच्या तसा दिलात तर मजकूरच तुमची सही होतो. २०१७ मध्ये अमेरिकेत एनएसए या गुप्तचर संस्थेचा एक गुप्त अहवाल फुटून एका वृत्तसंस्थेकडे पोचला. चौकशीत निघालं की तो सहाच जणांनी छापला होता. त्या सहांपैकी एकीच्या, रिअ‍ॅलिटी विनरच्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्याच वृत्तसंस्थेशी झालेला ईमेल संपर्क सापडला. तो संपर्क वेगळ्याच, साध्या कामासाठी होता. कुणाला कुठलं एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. यादी सहाची होती, तुमची तिघांची आहे.

म्हणून लिहिण्याआधी मी तुम्हाला एक गोष्ट ठरवायला सांगेन. तुम्ही ओळखल्या गेलात तर काय होईल? निनावी तक्रारीची एक बाजू फारशी बोलली जात नाही. समजा, वरिष्ठांनी अंदाजाने तुम्हाला हेरलं आणि तुमची बदली केली. ती तक्रारीमुळे झाली हे तुम्ही कुणाला दाखवणार कसं? तक्रार तुमची आहेच नाही ना! नावानिशी, तारखेनिशी, पोच घेऊन केलेल्या तक्रारीनंतर तीच बदली झाली तर निदान कागदावर दोन घटना शेजारी उभ्या राहतात. निनावीपणा ढाल आहे खरा, पण ती एकदा गळून पडली की हातात दुसरं काही उरत नाही. ज्यांची यादी तीनशेची असते त्यांना मी निनावी लिहा म्हणेन. तिघांच्या यादीतल्या माणसाने आधी एखाद्या वकिलाशी समोरासमोर बसून बोलावं, असं माझं मत आहे. वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवणं हे त्याच्या पेशातच येतं. विश्वस्तांपर्यंत मजकूर त्याच्यामार्फतही जाऊ शकतो. तुमच्या संस्थेत बाहेरचे लेखापरीक्षक येत असतील तर त्यांनी ‘हा खर्च तपासा’ एवढं म्हणणं पुरेल का, तेही पाहा. मग सापडलेली गोष्ट त्यांची होते.

एवढं करून निनावीच लिहायचं ठरलं, तर मजकूर असा लिहा की तो तिघांपेक्षा जास्त जणांना माहीत असू शकेल. नेमका बिल क्रमांक देण्यापेक्षा काळ आणि खर्चाचा प्रकार सांगा, शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. खातं स्वतःच्या यंत्रावरून, ऑफिसपासून दूर, टोर ब्राउझरमधून उघडा, आणि पुढे प्रत्येक वेळी तसंच उघडा. एकदा आळस केला आणि घरच्या जोडणीवरून डोकावलं, की आधीची सगळी मेहनत वाया. नंबर मागितला तर देऊ नका. मैत्रिणीचाही देऊ नका, ती विनाकारण अडकेल. दुसरी सेवा पाहा किंवा ४८ तास थांबा. रिकव्हरी ईमेलची चौकट रिकामी सोडा. बिलांचे मोबाइलवर काढलेले फोटो तसेच जोडू नका, त्यात वेळ, मोबाइलचं मॉडेल आणि कधीकधी जागाही नोंदलेली असते. ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचं तर मुळीच नाही. आणि विश्वस्तांकडून प्रश्न येतील, म्हणून खातं अधूनमधून बघत राहा. एकदा धाडून गप्प बसलेला हितचिंतक लोक केराच्या टोपलीत टाकतात.

मिस्टरांच्या प्रश्नाबद्दल फार लिहीत नाही. लपवण्यासारखं काही नसलं तरी न दाखवण्यासारखं प्रत्येकाकडे असतं, आणि डॉक्टरांकडे काय बोललात ते त्यात येतं. त्यांना तुम्ही उपचारांबद्दल सांगितलं आहे की नाही, ते पत्रावरून कळलं नाही. नसेल सांगितलं तर ते कधी सांगायचं हे तुमच्यावर.

शेवटी थोडं माझ्या बाजूचं. तुमचं पत्र मला तुमच्या रोजच्या ईमेलवरून आलं, खाली ऑफिसच्या हुद्द्यासकट. ‘नाव छापू नका’ असं तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत, आणि जोडलेल्या फाइलच्या माहितीत ‘तयार करणारा’ या शब्दांपुढे तुमचं पूर्ण नाव होतं. ती फाइल आणि मेल मी काढून टाकली आहे. वर छापलेल्या सारांशात आणि उत्तरात तुमचं ऑफिसातलं खातं, टेबलांची संख्या आणि गैरव्यवहार कशातला, हे तिन्ही बदललं आहे. त्यामुळे ‘बिलं’ वाचून तुम्ही दचकला असाल तर शांत व्हा. पुन्हा लिहावंसं वाटलं तर ऑफिसच्या लॅपटॉपवरून नको, आणि फाइल न जोडता मेलमध्येच साधा मजकूर लिहा.